वनस्पती तेलातलं इमल्शन पॉलिमर: नाशिकच्या ईटीपीसाठी घ्यावं का?

आधी निकाल: पाचपैकी साडेतीन. सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या तेलात बनवलेलं ॲनायनिक (ऋण भाराच्या) पॉलिॲक्रिलमाइडचं, म्हणजे सांडपाण्यातला गाळ गोळा करून तळाशी बसवणाऱ्या पॉलिमरचं इमल्शन, म्हणजे अंबड-सातपूरच्या ईटीपीवर (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर) ज्याला नुसतं लिक्विड पॉली म्हणतात त्याचाच खनिज तेल वगळलेला प्रकार, घ्यायला हरकत नाही. मात्र आत कोणतं तेल आहे हे विक्रेत्यानं लेखी द्यायला हवं आणि आणलेला माल तुमच्याकडे तीन महिन्यांत संपायला हवा. या दोन गोष्टी जमत नसतील तर याच पॉलिमरची पावडर बरी.

ब्रँडचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. असा माल जॉबवर्कनं बनू शकतो आणि एकाच रिॲक्टरची बॅच वेगवेगळ्या लेबलांखाली फिरू शकते. त्यामुळे कार्बॉयवरच्या (प्लास्टिकच्या कॅनवरच्या) हिरव्या पानाच्या चित्रापेक्षा आतल्या तेलाची जात ओळखता येणं जास्त उपयोगाचं.

कार्बॉय उघडला की आत दुधासारखं, किंचित पिवळसर, सायीइतकं दाट द्रव दिसतं. हे तेल आहे, आणि त्या तेलात साधारण एक मायक्रॉनचे किंवा त्याहून बारीक पाण्याचे थेंब तरंगत असतात. पॉलिमर त्या थेंबांच्या आत असतो. असं करण्याचं कारण सोपं आहे. या पॉलिमरचा रेणूभार एक ते दोन कोटींच्या घरात असतो. तो साध्या पाण्यात नुसता एक टक्का विरघळवला तरी पाणी मधासारखं होतं आणि तीस टक्क्यांचं द्रावण तर रबरासारखं घट्ट, ते पंपानं हलणारच नाही. तोच पॉलिमर तेलातल्या थेंबांत कोंडला की तीस-पस्तीस टक्के असूनही बादलीतून ओतता येतो. वापरताना मोठ्या पाण्यात टाकला की इमल्शन उलटतं. तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखुरतात आणि पॉलिमर बाहेर पडून उलगडतो. चांगल्या मालाची सगळी परीक्षा या उलटण्यात आहे.

तेल कुठे खोडा घालतं ते कळण्यासाठी बॅच कशी बनते हे बघायला लागेल. १०० किलोची, ३० टक्के ॲनायनिक चार्जची बॅच धरू. पाण्याच्या भागात ५० टक्क्यांचं ॲक्रिलमाइड द्रावण ४२ किलो, ॲक्रिलिक ॲसिड ९ किलो, ४८ टक्क्यांची कॉस्टिक लाय (सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) साधारण साडेदहा किलो, वर ६ किलो डीएम (क्षार काढलेलं) पाणी आणि २० ग्रॅम ईडीटीए. तेलाच्या भागात २७ किलो तेल आणि अडीच किलोच्या आसपास सॉर्बिटन मोनोओलिएट, म्हणजे स्पॅन-८० हा इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारं द्रव्य). शेवटी उलटवणारा इमल्सिफायर अडीच-तीन किलो. यातून सुमारे साडेबत्तीस टक्के पॉलिमर मिळतो. आधी ॲक्रिलिक ॲसिड पाण्यात घालून गार करायचं आणि लाय सावकाश सोडायची. तापमान ३० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, पीएच ७ च्या आसपास आणायचा, मगच ॲक्रिलमाइड घालायचं. क्रम उलटा केला तर आल्कलीनं ॲक्रिलमाइड फुटून अमोनियाचा वास सुटतो आणि चार्जचा हिशेब बिघडतो. ईडीटीए का? ॲक्रिलमाइडचं द्रावण वाटेत आपोआप पॉलिमराइज होऊ नये म्हणून त्यात थोडे तांब्याचे आयन ठेवलेले असतात. ते बांधून टाकले नाहीत तर तुमची रिॲक्शनही सुरू होत नाही.

मग पाण्याचा भाग तेलात सोडून होमोजिनायझरनं एकजीव करायचा आणि पाऊण ते एक तास नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलायचा. त्यानंतर ४० अंशांच्या आसपास टर्शरी ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइड आणि सोडियम मेटाबायसल्फाइटची रिॲक्शन सुरू करणारी जोडी (इनिशिएटर). मेटाबायसल्फाइटचं पातळ द्रावण थेंबाथेंबानं तीन-चार तासांत संपवायचं. घाई केली तर काय होतं हे आकड्यांवरून कळतं. एक मोल ॲक्रिलमाइड जोडलं जाताना साधारण ८० किलोज्यूल उष्णता सोडतं. वरच्या बॅचमध्ये मोनोमर (साखळीत जोडले जाणारे सुटे रेणू) सुमारे ४२० मोल आहेत. जॅकेटनं ती उष्णता ओढून घेतली नाही तर तापमान हिशेबानं शंभर अंशांहून जास्त चढेल. पाणी उकळेल, इमल्शन फुटेल आणि रिॲक्टरमध्ये हातोडीनं फोडायचा गोळा उरेल.

इथपर्यंत खनिज तेल असो की सोयाबीन, कृती सारखीच. फरक पुढे आहे. पॅराफिनचं तेल रिॲक्शनमध्ये हात घालत नाही, वनस्पती तेल घालतं. लिनोलेइक ॲसिडच्या साखळीत दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो हायड्रोजन असतो तो अगदी सैल धरलेला असतो. वाढत असलेली पॉलिमरची साखळी त्याला ओढून घेते आणि तिथेच थांबते. साखळ्या आखूड पडल्या की रेणूभार उतरतो आणि क्लॅरिफायरमध्ये (गाळ बसवायच्या टाकीत) फ्लॉक, म्हणजे गाळाचा पुंजका, बारीक, हलका, तरंगता दिसतो. म्हणून तेलाचा आयोडीन अंक, म्हणजे त्यात दुहेरी बंध किती आहेत त्याचं माप, विचारायचं. सोयाबीनचा १२० ते १४० च्या दरम्यान, साध्या सूर्यफुलाचा तिथेच आसपास, शेंगदाण्याचा ८५ ते १००, हाय-ओलिक सूर्यफुलाचा ८० ते ९०, पामोलिनचा ५५ ते ६०. अंक जितका कमी तितकी साखळी लांब वाढायची शक्यता जास्त.

तरी सोयाबीन तेलात चांगला पॉलिमर बनूच शकत नाही असं समजू नका. साखळी वाढते पाण्याच्या थेंबाच्या आत, तेल असतं बाहेर. गाठ पडते ती थेंबाच्या कडेला. सुरुवात करणारं रसायन पाण्यात विरघळणारं असेल, जसं वरची रेडॉक्स जोडी, तर नुकसान मर्यादित राहतं. ॲझो जातीतलं तेलात विरघळणारं एआयबीएन वापरलं तर रॅडिकल (साखळी सुरू करणारे अतिक्रियाशील कण) तेलातच जन्माला येतात आणि पहिली गाठ दुहेरी बंधांशीच. बनवणाऱ्याला हा एक प्रश्न विचारला तरी त्याला विषय कळतो की नाही ते लगेच समजतं.

दुसरी मेख अँटिऑक्सिडंटची. दुकानातल्या पाऊचमधल्या तेलात खवटपणा टाळायला टीबीएचक्यू असू शकतं, २०० पीपीएमपर्यंत त्याला परवानगी आहे. शिवाय तेलातला नैसर्गिक टोकोफेरॉल. ही द्रव्यं रॅडिकल गिळतात, आणि पॉलिमरायझेशन चालतं रॅडिकलवरच. मग बॅच तासभर ढिम्म राहते, ऑपरेटर वैतागून इनिशिएटर वाढवतो, आणि एकदम सुरू झाली की आवरत नाही. राइस ब्रान तेलात ओरायझॅनॉल असल्यानं त्याचीही हीच गत. बनवणाऱ्यानं अँटिऑक्सिडंट न घातलेलं रिफाइंड तेल थेट रिफायनरीकडून घ्यायला हवं आणि अँटिऑक्सिडंट घालायचंच तर बॅच पूर्ण झाल्यावर.

तिसरी मेख आम्लतेची. तेलात मोकळं फॅटी ॲसिड असेल आणि पाण्याच्या भागात लाय जास्त झाली असेल तर साबण बनतो. सोडियमचा साबण पाण्यात तेल धरून ठेवतो, आपल्याला हवं तेलात पाणी. बॅच रिॲक्टरमध्येच उलटते आणि सगळं जेल. ॲसिड व्हॅल्यू ०.२ च्या खाली आणि पीएच सातच्या आसपास ठेवला तर हा धोका उरत नाही.

एरंडेलाचा विचार काही जण करतात. तो सोडून द्यावा. ते इतकं दाट असतं की होमोजिनायझरला थेंब बारीक करणं जड जातं, आणि त्यातल्या हायड्रॉक्सिल गटांमुळे इमल्सिफायरचं गणितही बिघडतं. उलट तेलाऐवजी त्याचं मिथाइल एस्टर, म्हणजे बायोडिझेलसारखा माल, वाहक म्हणून बराच सोयीचा. सोयाबीन तेलाची चिकटाई ४० अंशांना तीस सेंटिस्टोकच्या आसपास, मिथाइल एस्टरची चार ते पाच. इमल्शन पातळ राहतं आणि पाण्यात लवकर उलटतं. दोन्ही प्रकार शेजारी ठेवले तर आमचं मत एस्टरच्या बाजूनं आहे.

वनस्पती तेलाची एक बाजू मात्र खरोखर वरचढ आहे आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. पॉलिमरचे थेंब तेलापेक्षा जड असल्यानं तळाशी बसतात. खनिज वाहक तेलाची घनता ०.८ च्या आसपास, सोयाबीनची ०.९२. फरक कमी आणि तेल दाट, म्हणून थेंब बसायला जास्त वेळ लागतो. खनिज तेलाचा ड्रम दोन महिने उभा राहिला की वर पिवळं तेल आणि तळाला घट्ट थर दिसतो. इथे ते कमी. तरी आठवड्यातून एकदा कार्बॉय आडवा लोळवावाच.

आता नाशिकची थंडी. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा ५-६ अंशांपर्यंत उतरणं नवीन नाही आणि सिन्नर-दिंडोरीच्या उघड्या शेडमध्येही रात्री चांगलाच गारठा असतो. पामोलिन १० अंशांच्या आसपास गढूळ व्हायला लागतं, मग त्यात स्फटिक धरतात. ते स्फटिक थेंबांभोवतीचं इमल्सिफायरचं कवच मोडतात. सकाळी ऊन लागून तेल वितळतं, पण फुटलेले थेंब परत सांधत नाहीत. डोसिंग पंपाच्या जाळीवर साबुदाण्यासारखे दाणे आले तर कारण बहुधा हेच. आयोडीन अंकात पामोलिन सरस दिसलं, पण नाशिकच्या हिवाळ्यात ते बाद. पामच्या मिथाइल एस्टरलाही हाच नियम, सोयाबीनच्या एस्टरला ही अडचण नाही.

बॅच इथेच बनवून घेणाऱ्यांसाठी थंडीत आणखी एक गोष्ट आहे, ती जिवाशी संबंधित आहे. ॲक्रिलिक ॲसिड १३-१४ अंशांना गोठतं. गोठताना त्यातला इनहिबिटर (आपोआप पॉलिमराइज होणं रोखणारं द्रव्य) उरलेल्या द्रवात जातो आणि स्फटिकांत जवळजवळ राहत नाही. असा ड्रम वाफेनं किंवा हीटरनं तापवला तर इनहिबिटर नसलेला भाग आधी वितळून तापतो आणि भडकून पॉलिमराइज होऊ शकतो, ड्रम फुटण्यापर्यंत. तो कोमट खोलीत सावकाश, हलवत वितळवायचा आणि पूर्ण वितळेपर्यंत त्यातून थेंबही काढायचा नाही. साठवताना त्यावर नायट्रोजनही द्यायचा नाही, कारण तो इनहिबिटर ऑक्सिजन असेल तरच काम करतो. ॲक्रिलमाइड मज्जासंस्थेला घातक आहे आणि ते त्वचेतून शरीरात जातं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्या द्रावणाजवळ कुणालाही उभं करू नये.

वापरायची पद्धत. १०० लिटरच्या टाकीत आधी पाणी भरा, स्टरर लावा, मधोमध भोवरा पडला की अर्धा लिटर इमल्शन भोवऱ्याच्या कडेला एकदम ओता. नेहमी पाण्यात इमल्शन, इमल्शनमध्ये पाणी कधीच नाही. पहिली वीस-तीस सेकंद जोरात, नंतर गती उतरवून २० ते ३० मिनिटं हळू. जोराचा स्टरर तासभर चालू ठेवणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. लांब साखळ्या पात्यांनी तुटतात आणि महागडा पॉलिमर स्वस्तातल्यासारखा वागतो. अर्ध्या टक्क्यापेक्षा फार पातळ करायचं असेल तर आधी अर्धा-एक टक्का तयार करून मग दुसऱ्या टाकीत वाढवा. थेट फार पाण्यात टाकलं की उलटवणारा इमल्सिफायर विरून जातो, काही थेंब उलटतच नाहीत आणि क्लॅरिफायरवर तेलकट तवंग येतो. वनस्पती तेलाचा माल उलटायला थोडा सावकाश असतो, त्यामुळे तीस मिनिटांत कंजुषी नको.

पाणी कोणतं घेता यानंही फरक पडतो. आपल्याकडच्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. कॅल्शियम-मॅग्नेशियम ॲनायनिक साखळ्यांना आखडून टाकतं, मग त्या नीट उलगडत नाहीत. महापालिकेचं पाणी मिळत असेल तर पॉलिमरच्या टाकीपुरतं तेच घ्या. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर तयार द्रावण रात्रभर ठेवू नका, सकाळपर्यंत ते पातळ पडतं.

डोसचा हिशेब असा. दिवसाला ५० घनमीटर सांडपाणी, जार टेस्टमध्ये (बरण्यांत वेगवेगळे डोस घालून घेतलेल्या चाचणीत) २ पीपीएम पॉलिमर पुरला. म्हणजे १०० ग्रॅम पॉलिमर, साडेबत्तीस टक्क्यांच्या इमल्शनमध्ये सुमारे ३१० ग्रॅम. अर्ध्या टक्क्याचं द्रावण ६२ लिटर होईल, दहा तासांच्या पाळीत तासाला साडेसहा लिटरचा पंप पुरे. याबरोबर पाण्यात तेल किती गेलं? साधारण ८३ ग्रॅम, म्हणजे लिटरला १.७ मिलिग्रॅम. वनस्पती तेलाचा एक ग्रॅम सुमारे २.९ ग्रॅम सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय प्रदूषणाचं माप) देतो, तेव्हा सीओडी वाढला लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आत. खनिज तेलाचा ग्रॅम जवळपास साडेतीन देतो. फरक लहान वाटेल, पण वनस्पती तेल पुढच्या एरेशन टाकीतले जिवाणू सहज खातात. हाच या मालाचा खरा फायदा. पण ऑपरेटरनं पाणी स्वच्छ दिसावं म्हणून डोस पाचपट केला तर एकट्या पॉलिमरमधून लिटरला आठ मिलिग्रॅम तेल जातं. नदीनाल्यात किंवा शेतीला सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा १० मिलिग्रॅम आहे. तेलाचा बराचसा भाग गाळाबरोबर जातो हे खरं, तरी त्याच्या भरवशावर राहू नये. शिवाय जास्त पॉलिमरनं गाळ बुळबुळीत होऊन फिल्टर प्रेसचं कापड बंद पडतं.

कुणाला घेण्यासारखं? दिंडोरी-गंगापूर भागातल्या वायनरींना, टोमॅटो आणि फळप्रक्रियेच्या युनिटांना जरूर. पुढे जैविक प्रक्रिया आहे आणि पाणी बऱ्याचदा बागेला जातं. वायनरीचं सांडपाणी आंबट असतं, म्हणून आधी चुन्यानं पीएच सातच्या पुढे न्या, मग पीएसी (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड), मग हा पॉलिमर. हंगाम संपला की माल शिल्लक राहील इतका मात्र घेऊ नका. अंबड-सातपूरच्या प्लेटिंगवाल्यांना तेलाच्या जातीनं विशेष फरक पडत नाही. तिथे जैविक टाकी नसते, मेटल हायड्रॉक्साइडचा गाळ पीएच साडेआठ ते साडेनऊला कोणत्याही चांगल्या ॲनायनिकनं बसतो आणि खनिज तेलाचं इमल्शन किंवा पावडर जास्त टिकते. सांडपाण्याच्या जैविक गाळाला, म्हणजे एसटीपीच्या (मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या) सेंट्रिफ्यूजला, ॲनायनिक चालत नाही, कॅटायनिक (धन भाराचा) लागतो.

लेबलवर 'शंभर टक्के जैवविघटनशील' असं छापलेलं असेल तर ते चुकीचं आहे. तेल विघटन पावतं, पॉलिॲक्रिलमाइडची कार्बन-साखळी तशीच राहते. उरलेल्या ॲक्रिलमाइड मोनोमरचं प्रमाणपत्र मागा, ०.१ टक्क्याच्या खाली हवं. पिण्याच्या पाण्यासाठी वेगळा प्रमाणित ग्रेड लागतो, हा माल तिथे वापरू नये.

तेल खरंच वनस्पतीचं आहे का हे तपासता येतं. थोडं इमल्शन भरपूर ॲसिटोनमध्ये ढवळलं की पॉलिमरचा पांढरा गोळा वेगळा होतो आणि तेल ॲसिटोनमध्ये उतरतं. गाळून ॲसिटोन उडवा, पण उघड्या आगीपासून लांब, आणि उरलेलं तेल लॅबला सॅपोनिफिकेशन व्हॅल्यूसाठी (तेलाचा साबण व्हायला किती अल्कली लागते त्या मापासाठी) द्या. निव्वळ वनस्पती तेल किंवा त्याचं एस्टर १९० च्या आसपास येतं, यात इमल्सिफायर मिसळलेले असल्यानं आकडा थोडा खाली दिसेल. खनिज तेल असेल तर इमल्सिफायरमुळे फार तर १०-२० दिसेल. मधला आकडा म्हणजे भेसळ.

साठवण आणि हाताळणीचं थोडक्यात. पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये उन्हाळ्यात हे तेल खवट होतं आणि त्यातले पेरॉक्साइड पॉलिमरची साखळी तोडतात. महिन्यातून एकदा ठरलेल्या पाण्यात अर्ध्या टक्क्याचं द्रावण करून त्याची चिकटाई मोजा. पहिल्या दिवसापेक्षा वीस टक्क्यांनी उतरली तर डोस वाढवत बसू नका, माल बदला. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं की दमट हवेनं वर जेलची साय धरते, ती ढवळून आत न मिसळता काढून टाका. पंपात आणि पाइपात पाण्याचा थेंब राहू देऊ नका, आत जेलची गुठळी बसते. साध्या रबराचे सील वनस्पती तेलात फुगतात, एस्टरमध्ये नायट्राइल रबरही टिकत नाही, म्हणून व्हायटॉन (फ्लोरोरबर) घ्या. जमिनीवर सांडलं तर पाणी मारू नका, फरशी बर्फासारखी निसरडी होते. आधी लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्या, मग फडक्यानं पुसा, धुवायचं ते सगळ्यात शेवटी.

दराची तुलना किलोच्या भावानं करू नका. इमल्शनचा भाव ०.३२५ नं भागा, पावडरचा ०.९ नं, आणि आलेला दर जार टेस्टमधल्या डोसनं गुणा. मोठी ऑर्डर देण्याआधी पाच किलोचा नमुना मागवा. त्यातलं लिटरभर काचेच्या बाटलीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तीन रात्री ठेवा, दिवसा बाहेर काढा. चौथ्या दिवशी ते शंभर मेशच्या जाळीतून गाळा. जाळीवर दाणे उरले तर तो माल नाशिकमध्ये हिवाळ्यासाठी घेऊ नका.